हरवले नव्हते, भांडुपला होते

उपासना संपल्यावर चर्चच्या मागे पत्र्याखाली जो चहा होतो, त्याची इनचार्ज मी. लोक आत डोळे मिटून प्रार्थना करतात, गीतं गातात, आणि बाहेर येऊन चहाचा पहिला घोट घेतला की मग खरं बोलायला लागतात. त्यामुळे किस्से माझ्याकडे आपोआप साठतात. कुणाला सांगायला जावं तर तो म्हणतो, "अगं सरोज, चर्चच्या लोकांबद्दल असं बोलू नये." का बोलू नये? मीही चर्चचीच आहे! आणि गेलं वर्षभर माझं डोकं असं तापलंय की बोलले नाही तर फुटेल.

आमची मंडळी म्हणजे चारकोपमधलं एक छोटंसं मराठी चर्च. बहुतेक सगळे मूळचे नगरकडचे. भेटलो की एकमेकांना 'सलाम' म्हणतो आणि पाठ फिरली की जे म्हणायचं ते म्हणतो. आमचा सगळ्यात लाडका शब्द 'कृपा'. देव माणसाची लायकी बघून प्रेम करत नाही, फुकट करतो, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. ऐकायला झकास वाटतं. पण ती फुकटची कृपा आपल्याच आईच्या सोफ्यावर पाय पसरून बसली, की मग कळतं!

\* \* \*

आधी साधा किस्सा सांगते. नाताळच्या प्रीतिभोजनाचा.

आम्ही बायका पहाटेपासून कांदे चिरत होतो. बिर्याणीचे टोप इतके मोठे की ढवळायला स्टुलावर चढावं लागत होतं. मार्था मावशी आमच्या चहा कमिटीतली सगळ्यात जुनी. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. ती खुर्चीवर बसून कोंबड्यांचे तुकडे धुवत होती आणि कुणी चोरून तळलेला कांदा खाल्ला की ओरडत होती.

उपासना संपली. आमचे पाळकसाहेब वयाने माझ्या भाच्याएवढे, पण पाळक म्हणून साहेब. त्यांनी माईकवर जाहीर केलं, "जे वर्षभर येऊ शकत नाहीत, फक्त नाताळला येतात, ते आज आपले पाहुणे. ते आधी बसतील!"

बसले की! कसले बसले! वर्षभर ज्यांना रविवारी झोप आवरत नव्हती, ते सगळे कडक इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या पंगतीला. "अजून एक लेग पीस वाढा ना, सिस्टर!" वाढला. दुसरी पंगत, तिसरी पंगत. शेवटी आम्ही स्वयंपाकवाल्या बसलो तेव्हा टोपात तळाला लागलेला भात होता. तोही करपलेला.

पाळकसाहेब हात जोडून आले. म्हणाले, "मावशी, देवाच्या राज्यात शेवटचे पहिले होतात."

मार्था मावशीने टोप त्यांच्यासमोर वाकडा केला. "पाळकसाहेब, प्रभूने पाच भाकरींत सगळ्यांना जेवू घातलं तेव्हा बारा टोपल्या उरल्या होत्या. इथे बघा, बटाटासुद्धा उरला नाही!"

\* \* \*

आता माझ्या डोकेदुखीवर येते.

मी नववीत असताना पपा घर सोडून गेले. भांडुपला, दुसऱ्या बाईकडे. कुणी पळवून नेलं नाही, कुठे अपघात झाला नाही. दिवसाढवळ्या बॅग भरून गेले. भाऊ विनय तेव्हा आईच्या कडेवर होता. आई म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात सिस्टर. तिने रात्रपाळ्या केल्या आणि आम्हाला वाढवलं. माझ्या लग्नात मला वेदीपर्यंत आईने नेलं. वधूला बाप घेऊन येतो अशी पद्धत. तेव्हाचे पाळक म्हणाले, "काका नाहीत का कुणी?" आई म्हणाली, "मी आहे." आणि माझा हात धरून चालायला लागली.

गेल्या वर्षी भांडुपची ती बाई वारली. तिच्या पुतण्यांनी पपांना बाहेर काढलं. शुगर वाढलेली, पायाला जखम, हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात एकटे. पाळकसाहेबांना कुठून तरी कळलं. त्यांनी आईला फोन केला. आई पर्स घेऊन गेली आणि त्यांना टॅक्सीत घालून घरी घेऊन आली.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी रविवारी नेहमीसारखी आईकडे गेले, बेल वाजवली, आणि दार उघडलं ते पपांनी!

त्यानंतर महिन्याभरात चर्चमध्ये त्यांची साक्ष झाली. म्हणजे पुढे उभं राहून देवाने आपल्याला कसं परत आणलं ते सांगायचं. पपा काठी टेकत उभे राहिले, रडले. लोकही रडले, टाळ्या वाजल्या, 'हालेलुया' झालं. मी चहाचं आधण ठेवायला उठून गेले.

तर तिथे आमचे साळवेअंकल डोळे पुसत आले. ते मंडळीचे सेक्रेटरी. माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "अभिनंदन, सरोजताई! अभिनंदन! हरवलेला माणूस सापडला!"

मी म्हटलं, "हरवले नव्हते हो, अंकल. भांडुपला होते. पत्ता होता आमच्याकडे!"

\* \* \*

ज्यांचं काही गेलेलं नसतं ना, त्यांना माफ करायची फार घाई असते. हा माझा अनुभव आहे, लिहून घ्या.

माझा भाऊ विनय दुबईला असतो. पपा आल्याचं कळलं त्या आठवड्यात त्याने व्हिडिओ कॉल केला. मागे एसी, शोभेची झाडं, बायको काहीतरी कॉफीसारखं आणून देतेय. मला म्हणतो, "ताई, मी पपांना माफ केलं. एकदम हलकं वाटतंय यार. तू पण लेट गो कर ना."

"तुला काय आठवतंय रे त्यांचं?"

"काहीच नाही."

"मग माफ काय केलंस?"

जरा वेळ नेटवर्क गेलं. परत आला तेव्हा म्हणाला, "ताई, मनात राग ठेवून आपल्यालाच त्रास होतो."

मी म्हटलं, "विनय, तू दुबईतून माफ केलंस. मलाही दुबईला ने, मी तिथून करते!"

\* \* \*

आमच्या मंडळीची एक पद्धत आहे. ती दुसरीकडे आहे का मला माहीत नाही. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस वाटण्याआधी पाळकसाहेब थांबतात. ज्याचं ज्याच्याशी वाकडं आहे, त्याने जागेवरून उठून त्याच्याकडे जायचं, हात हातात घ्यायचा आणि समेट करायचा. मगच भाकर घ्यायची.

होतं असं, की ज्यांचं कुणाशीच भांडण नाही ते आनंदाने सगळ्या चर्चभर हात मिळवत फिरतात. आणि ज्यांचं खरंच भांडण आहे, त्यांना नेमकी त्याच वेळी बाथरूमला लागते!

साळवेअंकल आणि पेटी वाजवणारे रूफसदादा यांचं माईकवरून वाजलं होतं. माईक गाणाऱ्यांपुढे ठेवायचा की पेटीपुढे, एवढंच. पण दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पपा आल्यानंतरच्या एका पहिल्या रविवारी समेटाची वेळ झाली. साळवेअंकल डावीकडच्या दाराने निसटले, रूफसदादा उजवीकडच्या. चर्चला बाथरूम एकच! दोघं त्या दारात समोरासमोर.

"जा, तुम्ही आधी जा," साळवेअंकल म्हणाले.

"नाही, तुम्ही वयाने मोठे, तुम्ही आधी," रूफसदादा म्हणाले.

"अहो मला काही घाई नाही."

"मलाही नाही."

एवढ्यात पाळकसाहेबांनी खिडकीतून पाहिलं. दोघं समोरासमोर, बोलतायत! ते लगेच माईकवर म्हणाले, "मंडळी, मागे वळून पाहा! देवाचं काम पाहा!" सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. आता काय करणार? त्या दोघांना हात मिळवावाच लागला. रूफसदादांचा दुसरा हात बाथरूमच्या कडीवर होता.

हसले मी पण. पोट दुखेपर्यंत हसले. मग माझं लक्ष पुरुषांच्या बाजूला गेलं. पपा काठी धरून उभे राहिले होते आणि माझ्याकडे बघत होते. पुढे येत नव्हते, बसतही नव्हते.

मी बाथरूमला गेले नाही. मी कुणाला घाबरत नाही. जागेवर बसून राहिले, आणि भाकरीचं ताट माझ्यापुढे आलं तेव्हा शेजारणीकडे सरकवलं. त्या दिवसापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. आईच्या घरी तर मी आधीपासूनच पाणीही पीत नव्हते. दर रविवारी जायचं, पर्स मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं, तिच्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि उपाशी निघायचं. ज्या घरात तो माणूस फुकट जेवतो, तिथे माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

\* \* \*

मला समजावायला पाळकसाहेब थेट माझ्या शाळेत आले. मी सुपरवायझर आहे. परीक्षेचे दिवस, टेबलावर पेपरांचे गठ्ठे, आणि हे समोर बसून बिस्किट चहात बुडवतायत. बरं, यापूर्वी ज्याने त्याने मला ती घर सोडून गेलेल्या मुलाची आणि वाट बघणाऱ्या बापाची गोष्ट सांगून झाली होती. मी सगळ्यांना एकच सांगितलं, आमच्याकडे पळाला तो बाप आणि वाट बघत बसली ती मुलगी. त्याची गोष्ट असेल तर सांगा!

म्हणून पाळकसाहेब तयारी करून आले होते. म्हणाले, "सरोजताई, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला लगेच कळेल. देवाची कृपा म्हणजे काय? ग्रेस मार्क!"

मी पेन खाली ठेवलं. "पाळकसाहेब, ग्रेस मार्क मिळायलासुद्धा पोराला पासिंगच्या जवळ यावं लागतं. आमचे पपा पेपरलाच बसले नाहीत!"

"तेच तर, ताई! त्यांचा पेपर दुसऱ्याने लिहिला. प्रभूने लिहिला. मार्क मात्र त्यांना मिळाले."

"मग ती कॉपी झाली! त्यासाठी आम्ही पोरांना वर्गाबाहेर काढतो!"

बिस्किट चहात पडलं. पाळकसाहेब ते चमच्याने काढायला लागले. मग हळूच म्हणाले, "ताई, सेमिनरीत पाळकाचं शिक्षण घेताना मला हे कुणी विचारलं नव्हतं."

मला त्या पोराची दया आली, खोटं कशाला बोलू. पण राग काही कमी झाला नाही. त्यांच्या देवाला एकदा माझ्या टेबलासमोर बसवावं आणि विचारावं, की माझी आई रात्रभर वॉर्डात उभी राहायची, सकाळी येऊन आमचे डबे करायची, त्याचे मार्क कुणाच्या खात्यात टाकलेस?

\* \* \*

आईचं ऐका आता. लोकांना वाटतं आई म्हणजे संत. चर्चमध्ये तर तिचं नाव घेताना आवाज खाली आणतात. आई संत-बिंत काही नाही. माझी जीभ कुणावर गेलीय असं वाटतं तुम्हाला?

खालच्या मजल्यावर साटमकाकू राहतात, मालवणकडच्या. एकदा सकाळी वाटीभर खोबरं द्यायला वर आल्या, तेव्हा आई पपांना पोटात इन्सुलिन टोचत होती. काकूंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "काय मोठा मन गो तुझा, सिस्टर!"

आई म्हणाली, "मन कसलं मोठं? सुई मोठी घेतलीय!"

मला इतका आनंद झाला! म्हटलं, चला, निदान आई तरी शुद्धीवर आहे. पपांनी तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या एका रविवारची गोष्ट. मी माझ्या दाराजवळच्या खुर्चीवर, आई कपड्यांच्या घड्या घालतेय. पपा खिडकीत बसले होते. साक्षीच्या वेळी ते चर्चभर माफीबद्दल बोलले, पण घरात त्यांनी ती कधी मागितलेली मी ऐकली नव्हती. तेव्हा विचारलं. "विमल, तू मला खरंच माफ केलंस ना?"

आईने टॉवेल झटकला. "रोज सकाळी करते. संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मग दुसऱ्या दिवशी परत करायला लागते."

"आज केलंस?"

"आज अजून आंघोळ व्हायचीय माझी," आई म्हणाली.

\* \* \*

आणि हा गेल्या रविवारचा.

चर्च सुटल्यावर मी आईकडे गेले. जिन्यातच मटणाचा वास. आईच्या हातचं नगरी मटण, काळ्या मसाल्याचं, आणि बाजरीची भाकरी. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पपा टेबलाशी बसले होते. आईने त्यांच्या ताटात वाढलं, भाकरी वाढली, वर कांदा फोडून ठेवला. कांदा फोडून! तिच्या मनगटाला संधिवात आहे!

माझं डोकंच सटकलं.

"आई, बास! या माणसाने एक दिवस तरी या घरासाठी काही केलंय? विनयला ताप आला तेव्हा हे कुठे होते? तू वॉर्डात चक्कर येऊन पडलीस तेव्हा कुठे होते? कशाबद्दल वाढतेस तू यांना? सांग ना, कशाबद्दल?"

पपांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो ताटात परत ठेवला. "बरोबर बोलतेय ती," असं म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

"बसा," आई म्हणाली.

ते बसले.

मग ती माझ्याकडे वळली. हातात पळी होती. "तुला जेवायचं नसेल तर जेवू नकोस. वर्षभर जेवली नाहीस, मी काही बोलले का? पण माझ्या घरात कुणाला कशाबद्दल वाढायचं ते तू नाही ठरवायचं. तुला मी कशाबद्दल वाढलं गं? जन्मलीस तेव्हा काय नोकरीला होतीस?"

"ते वेगळं आहे, आई!"

"असेल. हात धुऊन ये."

"मला भूक नाही."

"भूक विचारली नाही. हात धुऊन ये."

पन्नाशी उलटलेली बाई मी. शाळेत माझ्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप होतात. मी पर्स खुर्चीवर टाकली आणि मोरीत गेले. नळ सोडला. हात केव्हाच धुऊन झाले होते, तरी पाणी तसंच चालू ठेवून उभी राहिले, कारण रडायला लागले होते. रागाने. दुसरं काही नाही, रागाने!

बाहेरून पपांचा आवाज आला. त्यांना वाटलं असेल, नळाच्या आवाजात मला ऐकू येत नाही.

"विमल, सरूसाठी नळी ठेवलीस का? तिला नळी आवडते."

सरू! नववीनंतर मला कुणी सरू म्हटलं नव्हतं. आणि या माणसाला नळी आठवत होती! मॅट्रिकचा निकाल आठवला नाही, लग्न आठवलं नाही, नळी बरोबर आठवली! मला वाटलं, बाहेर जाऊन ते टेबलच उलटं करावं.

आई म्हणाली, "एकच होती. तुमच्या ताटात वाढलीय."

त्यानंतर भांड्याचा बारीक आवाज झाला, एवढंच.

मी पदराने तोंड पुसून बाहेर आले. तिसरं ताट वाढलेलं होतं. भाकरी, रस्सा, कांदा, आणि वर ती नळी. पपा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या बोटांना रस्सा लागला होता. आई तिच्या जागी बसून भाकरी मोडत होती, जसं काही रोजच असं चालतं.

मी बसले. कुणाकडे बघितलं नाही. नळी उचलली आणि हाडातला मगज काढायला ताटावर आपटली. अशी आपटली, की रस्सा टेबलभर उडाला, पेला आडवा झाला, आणि ताट झांजेसारखं वाजलं. परत आपटली. परत आपटली.

खालून साटमकाकू घाबरून ओरडल्या, "काय झाला गो, सिस्टर? कोण पडला काय?"

आई उठली, खिडकीशी गेली आणि वाकून म्हणाली, "काही नाही हो! सरोज जेवतेय!"